आक्का आणि माळावरची नववी गल

आक्का गेल्या त्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं, डोळा लागलाय. कप तिपाईवर ठेवून मी परत फिरते तोच मागून आवाज आला, "वारं कुठल्या अंगाचं हाय गं?" मी म्हटलं, "आक्का, खिडकी अर्धी लावलेली आहे, वारं कुठलं आलंय घरात." तर म्हणाल्या, "पडद्याच्या कड्या वाजाल्यात की. तुला डोळं हायत, जरा बघ." मी खिडकीतून हात बाहेर काढला. शेजारच्या दोरीवरची लुगडी आमच्या दिशेनं फुगली होती. "जोतिबाच्या डोंगराकडनं येतंय," मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला... आणि म्हणाल्या, "मग खाली ठेव." मी आपली आज्ञाधारक. तिपाईवरचा कप उचलून जमिनीवर ठेवला. दुपारी त्या गेल्या. संध्याकाळी बायकांच्या गराड्यात बसले असताना मला एकदम उमगलं, की त्या चहाबद्दल बोलतच नव्हत्या. चेंडूबद्दल बोलत होत्या. वारं समोरून असलं की चेंडू उंच मारायचा नाही, जमिनीलगत खाली ठेवायचा. एवढ्या वर्षांत त्यांनी हे मला शंभरदा सांगितलं असेल, आणि शेवटच्या वेळी सांगितलं तेव्हा मी चहाचा कप हलवत बसले.

भेटायला येणारी माणसं म्हणत होती, बिचाऱ्या. तरुणपणी कुंकू गेलं, जन्म माहेरी काढला, पुढं डोळेही गेले, बिचाऱ्या. मी मान डोलवत होते. महिना उलटून गेलाय त्याला, आणि मी अजून शोधतेय, की आक्कांना हा शब्द नेमका कुठल्या बाजूनं चिकटवायचा. कुठूनही लावला तरी गळून पडतो. म्हणून हे लिहायला बसले.

आक्का माझ्या थोरल्या नणंदबाई. माझं लग्न साठ-एकसष्टच्या सुमाराला झालं. मी निपाणीची, मॅट्रिक झालेली, आणि त्या मॅट्रिकचा तोरा असा, की सासरच्या मांजरानंही मला अहोजाहो करावं अशी माझी अपेक्षा होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी परसात गेले तर दोरीवर एक जाड वाकळ टांगलेली, आणि तिच्या पलीकडून धप्प, धप्प असा आवाज. वाकळीखाली पांढऱ्या लुगड्याचा काठ दिसत होता आणि पायांत चक्क कॅनव्हासचे बूट. मी मनात म्हटलं, नणंदबाई वाकळीतली धूळ झोडपतायत, कामसू सून म्हणून नाव काढायची हीच वेळ. धुण्याचं दांडकं उचललं आणि अलीकडच्या बाजूनं वाकळीवर तुटून पडले. तिसऱ्या दणक्याला पलीकडून एक टणक काहीतरी वाकळीसकट माझ्या बरगडीत येऊन बसलं. मी कळवळून खाली बसले. वाकळीच्या कडेनं एक उंच, उन्हानं रापलेला चेहरा डोकावला.

"कोण गं तू?"

"मी... नवी."

"नवी हाईस ते दिसतंय. वाकळीनं काय खाल्लंय तुझं?"

त्या गोल्फचा फटका घोटत होत्या. माळावर जायला मिळालं नाही, की परसात वाकळ टांगून तिच्यात चेंडू मारायच्या. हा खेळ त्यांच्या हातात दिला तो माझ्या सासऱ्यांनी. मामंजी संस्थानच्या बांधकाम खात्यात होते. संस्थान विलीन झालं, मान गेला, पण साहेबलोकांकडून आलेली काठ्यांची पिशवी आणि माळावरच्या क्लबाची मेंबरशिप तेवढी राहिली. आक्का विशीत विधवा होऊन परत आल्या तेव्हा कुणाशी बोलेनात, जेवेनात. घरात बसवून ठेवण्याची रीत. मामंजींनी म्हणे एका पहाटे त्यांना उठवलं आणि म्हणाले, "पोरी, भिंती बघून काय मिळायचं न्हाय. चल, माळावर वारं खायला." त्या वाऱ्यानंच त्यांना वाढवलं असं मला नेहमी वाटत आलंय.

दुपारी आक्का घरी आल्या, की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवरूनच विचारायच्या, "पडलं का पार?" आक्का बूट काढता काढता म्हणायच्या, "न्हाई. दोनानं ऱ्हायलं." कधी तीनानं, कधी चारानं. मला वाटलं, काहीतरी कडक नवस आहे, प्रदक्षिणा कमी पडतायत बिचारीच्या. मी महिनाभर देवापुढं त्यांच्या नावानं जास्तीची वात लावली. एकदा न राहवून विचारलं, "आक्का, नवस कुठल्या देवाचा आहे?" त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग सांगितलं, की जाणत्या खेळाडूला एक गल भरायला जेवढे फटके पुरावेत, तेवढ्याला इंग्रजीत पार म्हणतात. माळावरच्या नऊ गली मिळून छत्तीस. छत्तीसात घरी आलं, की पार पडलं. गल हा शब्द आमच्या घरातला. गोट्या खेळायच्या खळग्याला गल म्हणतात, तोच शब्द आक्कांनी गोल्फला लावला होता, आणि पुढं क्लबातले दोन-चार मेंबरही तसंच म्हणू लागले. आक्कांचं पार तोवर एकदाही पडलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती वात काही चुकीची नव्हती. नवसच होता तो.

तो माळ गडमुडशिंगीच्या अंगाला होता. आता तुम्ही गोल्फ म्हटलं की हिरवंगार गवत डोळ्यापुढं आणता. आमच्याकडं हिरवं म्हणजे पावसाचे चार महिने. एरवी मुरूम, कुसळं आणि वारं. एकही झाड आडवं यायचं नाही, त्यामुळं वाऱ्याला बोलणारं कुणी नव्हतं. गलीभोवतीचं अंगणसुद्धा गवताचं नव्हे, बारीक वाळूत इंजिनचं जुनं तेल कालवून चोपलेलं, काळपट. त्याला ब्राऊन म्हणायचे. चेंडू त्या वाळूवर आला, की पावलांचे ठसे बुजवायला चेंडूपासून गलीपर्यंत एक लाकडी फळी ओढायची, म्हणजे सारवल्यासारखी एक गुळगुळीत वाट तयार व्हायची, आणि त्या वाटेवरून चेंडू आत ढकलायचा. ही फळी ओढायचं काम पुढं माझ्याकडं आलं. अंगण सारवायचा सराव होता ना. एकदा बोटीवर नोकरी करून आलेले एक पाहुणे तिथं खेळले आणि म्हणाले, विलायतेत समुद्राकाठी अशीच मैदानं असतात, असंच कडक रान, असंच वारं, तिथल्या खेळाची रीतच वेगळी असते, इथं फक्त समुद्र तेवढा कमी. आक्का म्हणाल्या, "न्हाय त्येच बरं पावणं. चेंडू लई म्हाग झाल्यात."

वर्षभरानं आत्याबाईंनीच मला त्यांच्याबरोबर धाडायला सुरुवात केली. तरण्या विधवेनं एकटं माळावर फिरू नये म्हणून सोबत. मी गेले ती शिकवायला गेल्यासारखी. मला वाटलं, हाय काय त्यात, निशाण दिसतंय, काठी आहे, मारा निशाणाकडं. पहिल्याच दिवशी मी पदर खोचून निशाणाकडं असा काही फटका मारला, की काठी माझ्याभोवती फिरून मीच खाली बसले आणि चेंडू जागचा हलला नाही. दुसरा बसला तो कडक मुरमावर आपटून ससा उठावा तसा उडाला आणि निशाणाच्या पार पलीकडं घायपातात गेला. आक्का शांतपणे म्हणाल्या, "शालन, निशाण काय पळून जात न्हाई. त्येच्याकडं बघू नगस. पुढचा फटका कुठनं सोपा पडंल तिकडं बघ."

हे त्यांचं पहिलं शास्त्र. प्रत्येक गल त्या शेवटाकडून उलटी बघायच्या. गलीत जाताना चेंडू कुठल्या बाजूनं सोपा, मग तिथं यायला त्याच्या आधी कुठं असावा, मग त्याच्याही आधी कुठं... असं मागं येत येत त्या आपल्या पायापाशी पोचायच्या आणि मगच काठी निवडायच्या. पहिल्या गलीला पाण्याची पडकी टाकी होती. सगळे टाकीच्या डावीकडून मारायचे, कारण निशाण तिथून समोर दिसायचं. आक्का उजवीकडून, निशाण दिसतसुद्धा नाही अशा बाजूनं. कारण रानाचा उतार तिकडून गलीकडं होता. चेंडू टाकीमागं दिसेनासा व्हायचा आणि बऱ्याच वेळानं, आपल्या पायानं चालत आल्यासारखा, निशाणाशी येऊन उभा राहायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, टाकीमागं कुणीतरी बसलंय.

कडक रानात चेंडू थेट ब्राऊनवर टाकायचा नाही, अलीकडं टाकायचा आणि पळू द्यायचा, हे मला काही केल्या पटत नव्हतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला ह्या घरात आणलं तवा उचलून माजघरात न्हेऊन टाकलं का? उंबऱ्याशी सोडलं. माप वलांडून तू चालत आत आलीस. चेंडू बी तसाच आणायचा. उंबऱ्याशी सोड, आत त्यो येतोय." तेव्हापासून मला प्रत्येक ब्राऊनपुढं एक उंबरा दिसायला लागला आणि माझे चेंडू घायपातातून माणसात आले. पाचवी गल तोंडावर वारं घेणारी. तिथून लांब जोतिबाचा डोंगर दिसायचा आणि वारं तिकडूनच यायचं. मी चिडून जोरात मारायची, चेंडू उंच चढायचा, वर जाऊन विचार करायचा आणि परत माझ्याकडं यायला निघायचा. आक्का म्हणायच्या, "वाऱ्याशी भांडू नगस. सासू तोंडावर बोलाय लागली की तू काय करतीस? मान खाली घालतीस आन काम उरकतीस. चेंडूला बी मान खाली घालाय लाव." अर्धाच फटका, काठी खांद्याच्या वर जायची नाही, चेंडू कुसळांवरून सरपटत जायचा आणि वाऱ्याला पत्ताच लागायचा नाही. मी तेव्हा खिदळायचे. आत्याबाईंची नक्कल करत करत मारायचे. आक्का हसायच्या नाहीत. त्यांचं लक्ष चेंडूकडं असायचं. देवळात गाभाऱ्याकडं बघावं तसं त्या रानाकडं बघायच्या.

पंचाहत्तरच्या आगेमागे मला जाणवलं, की आक्का चेंडू मारून झाल्यावर त्याच्याकडं बघत नाहीत, कान देतात. आधी मला ती एक ऐट वाटली. मग एक दिवस त्यांनी माझ्याच सावलीला बाजूला व्हायला सांगितलं. मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू, फार उशीर झालेला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही. परतीच्या एसटीत मी रडत होते आणि आक्का खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. हातकणंगले मागं पडल्यावर म्हणाल्या, "अजून उजेड-अंधार कळतोय. तेवढ्यात एकदा पार पाडायचं बघ." जशी काही मला शिवणाची सुई ओवायला सांगत होत्या.

तेव्हापासून आम्हा दोघींचं तेच. पांढरा चेंडू वाळल्या गवतात त्यांना दिसेना, तर मी अक्कल चालवली आणि जोतिबाचा गुलाल तेलात कालवून चेंडू माखला. पहिल्याच फटक्याला सगळा गुलाल चेंडूवरून सुटला आणि आक्कांच्या पांढऱ्या लुगड्यावर बसला. ओसरीवर आत्याबाईंनी ते बघितलं आणि डोक्याला हात लावला. आक्का म्हणाल्या, "आई, वाईट वाटून घिऊ नगा. पालखी आडवी आलती." वाट काढली ती शेवटी आक्कांनीच. मी भाकरी थापत होते, त्या दारातून आत आल्या आणि कुठंही न चाचपता नेमक्या माझ्याशेजारी पाटावर बसल्या. मी चकित. तर म्हणाल्या, "तुझ्या बांगड्या बोलावत्यात की." आणि मग गप्प झाल्या... मी बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर तेच पाचव्या गलीवरचं लक्ष होतं.

दुसऱ्या दिवशी परसात तांब्या आडवा ठेवून मी त्याच्यावर हात धरून बांगड्या हलवत बसले आणि त्या लांबून चेंडू ढकलत बसल्या. आठवड्याभरात तांब्याला पोचे आले. मग आमची हमीदाभाभी बांगडीवाली आली, तेव्हा आक्का पहिल्यांदाच तिच्या टोपलीशी येऊन बसल्या. एकेक बांगडी कानाशी वाजवून बघायच्या. "ही बद्द हाय. ही किरकिरी. ही दे... हां, ही लांब जाईल." हमीदाभाभी म्हणाली, "आक्का, एवढ्या वर्षांत रंग बघणारे बघितले, नक्षी बघणारे बघितले. आवाजाचं गिऱ्हाईक पहिलंच." मी त्या दोघींच्या मधे हात पुढं करून बसलेली, पोळ्यातल्या बैलासारखी.

माळावर लांबच्या फटक्याला मी पुढं जाऊन, चेंडू जिकडं पाठवायचा तिकडं उभी राहून बांगड्या वाजवायची आणि घाईनं बाजूला व्हायची. ब्राऊनवर निशाण काढून गलीमागं वाकून हात धरायची. क्लबात एक निवृत्त कर्नल होते, नियमांचे पक्के. ते म्हणाले, निशाण धरणाऱ्यानं आवाज करणं बरोबर नाही. आक्का म्हणाल्या, "कर्नलसाहेब, तुमचं निशाण फडफडतंय, माझं किणकिणतंय. तुमी डोळ्यानं बघता, मी कानानं. ह्यात बिघडलं कुठं?" त्यानंतर आम्ही ब्राऊनवर असलो, की कर्नलसाहेब लांबूनच हात वर करून बाकीच्यांना गप्प करायचे. अख्खा माळ थांबायचा, आणि त्या शांततेत फक्त माझ्या बांगड्या.

ती फेरी संक्रांतीनंतरची. हातात नव्या बांगड्या होत्या. सकाळचं ऊन कोवळं होतं आणि वारं उठलेलं नव्हतं. आक्कांना तेव्हा फक्त उजेड आणि त्यातली एखादी सावली एवढंच कळायचं. पण पायाखालचं रान त्यांना पाठ होतं. मी नुसतं "टाकीच्या उजवीकडं, खालच्या अंगाला" असं म्हटलं, की त्या तळपायानं उतार चाचपायच्या आणि मान हलवायच्या. एकेक गल भरत गेली. मी मनातल्या मनातसुद्धा मोजायचं टाळत होते. आठवी झाली तेव्हा आक्काच म्हणाल्या, "बरोबर चाललोय. शेवटची चारात भरली की पडलं." आणि पदरानं तोंड पुसलं.

नववी गल माळाच्या कडेला. ब्राऊनच्या ऐन तोंडाशी एक खोल ओघळ होती, दगडगोट्यांची. ती ओलांडून दुसऱ्याच फटक्यात ब्राऊन गाठायची, हा तरुण मेंबरांचा षोक. ओघळीत त्यांचे इतके चेंडू गेले होते, की पावसात वाहून ते गडमुडशिंगीच्या शिवारात उगवत असतील. आक्का कधीच तसं करायच्या नाहीत. दुसरा फटका अलीकडं आखडून ठेवायच्या, तिसऱ्याला अलगद ओलांडायच्या आणि मग चौथ्याला गलीत जातो का बघायच्या. त्या दिवशी वारं नुकतंच पाठीमागून उठलं होतं. मी म्हटलं, "आक्का, आज मारा थेट. वारं नेईल. पोचला तर दोन फटके हातात राहतील."

"न्हाई पोचला तर?"

"आज पोचेल हो."

"शालन, आज म्हणून ही ओघळ काय बुजलीया व्हय? रोज जशी हाय तशीच हाय ती. मी बी तशीच हाय."

आणि आखडून ठेवला. रोजच्यासारखा. आयुष्यभराचा नवस दोन फटक्यांवर आलेला, आणि बाईंचा हात रोजच्यासारखा. मी बांगड्या सावरत त्यांच्याकडं बघत राहिले. तिसरा त्यांनी ओघळीवरून असा उचलला, की तो पलीकडं ब्राऊनच्या वाळूत मऊ बसला. गलीपासून दोन काठ्यांवर. मी फळी ओढली. उभ्या जन्मात मी एवढं गुळगुळीत काही सारवलेलं नाही. मग निशाण काढून गलीमागं वाकले आणि बांगड्या वाजवायला लागले.

आक्का उभ्या राहिल्या, काठी टेकली, आणि थांबल्या. "जागची हललीस का?" मी म्हटलं, नाही. "मग वारं फिरलंय. आवाज खालच्या अंगाला ढकलतंय. तू हाईस त्येच्या खाली ऐकू यायलीस." आणि त्यांनी काठी माझ्या आवाजाच्या रोखानं न ठेवता, वितीएवढी वर फिरवली. मी बघितलं, ती नेमकी गलीच्या रोखात होती. मी फळी ओढलेल्या वाटेच्या मधोमध. चेंडूला वाऱ्याची सूट देणारी माणसं मी पुढंही पाहिली. आवाजाला वाऱ्याची सूट देणाऱ्या त्या एकट्याच. माझ्या अंगावर काटा आला आणि बांगड्या आपोआप जोरात वाजल्या. त्यांनी ढकलला. चेंडू माझ्या वाटेवरून आला, सरळ, हळू, आणि गलीच्या काठावर येऊन थांबला. अर्धा बाहेर, अर्धा आत झुकलेला. गलीत डबा पुरलेला होता, चेंडू आत पडला की त्याचा आवाज व्हायचा. तो झाला नाही.

आम्ही दोघी थांबलो. माळावर कुणी नव्हतं. चेंडू माझ्या पायाच्या बोटापासून चार बोटांवर होता. वाऱ्याची एक झुळूक गेली, चेंडू हलला नाही. मग आक्काच म्हणाल्या, "काठावर हाय न्हवं?"

"हो, आक्का."

"एकानं ऱ्हायलं."

त्या चालत आल्या, वाकून चेंडू हातानं चाचपला आणि एका बोटानं आत ढकलला. डबा वाजला. परतीच्या वाटेवर बरंच अंतर कापल्यावर म्हणाल्या, "पायानं ढकलावं असं आलतं तुझ्या मनात. पर न्हाई ढकललास." मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाल्या, "जोडवी वाजली न्हाईत."

ओसरीवर आत्याबाईंनी विचारलं, "पडलं का पार?" आक्का बूट काढता काढता म्हणाल्या, "एकानं ऱ्हायलं." रोजच्याच आवाजात. आत्याबाई म्हणाल्या, "मग उद्या." पण उन्हाळा सरता सरता उरलासुरला उजेडही गेला, आणि नऊ गलींचा उद्या काही आला नाही. पुढं काही वर्षं आम्ही नुसत्या नवव्या ब्राऊनवर जाऊन चेंडू ढकलत बसायचो. घरात आक्का माझ्या बांगड्यांमागं फिरायच्या. मी स्वयंपाकघरात, त्या तिथं. मी परसात, त्या परसात. कधी चेष्टा म्हणून मी हात छातीशी घट्ट धरून चोरपावलानं जायची, तर अंधूक हसून म्हणायच्या, "जोडवी इसारलीस."

पंच्याऐंशी साली माझे यजमान गेले. तीन दिवसांच्या तापानं. आक्कांचा धाकटा भाऊ. त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं, की मला पाटावर बसवलं होतं, चार बायका भोवती होत्या, आणि थोरल्या चुलत सासूबाईंनी, काकींनी, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले होते. बांगड्या फोडायच्या होत्या. मी हात दिले होते. मॅट्रिक झालेली, तोऱ्याची, कुणाच्या बापाला न भिणारी मी, पण त्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही. काकींनी हात ओढले तेव्हा बांगड्या वाजल्या, आणि त्या आवाजावर आक्का गर्दीतून सरळ चालत आल्या. एकीलाही धक्का न लागता. माझ्याशेजारी बसल्या आणि माझ्या मनगटांवर त्यांनी आपले दोन्ही पंजे ठेवले.

"काकी, हात लावू नगासा."

"अगं, रीत हाय ती."

"रीत हाय की. मी कुठं न्हाई म्हणते? माझ्या वेळची माझ्या चांगली ध्यानात हाय. पर ह्या शालनच्या बांगड्याच न्हवंत. माझ्या हायत. मी पारखून घेतल्यात, हमीदाला इचारा. मला डोळं न्हाईत, ह्या घरात मी ह्यांच्या आवाजावर चालते. फोडायच्या तर फोडा, मग उद्यापासनं मला न्हाणीपत्तुर न्ह्यायला तुमी येऊन ऱ्हावा."

रीतीच्या विरुद्ध बाईंनी एक अक्षर काढलं नव्हतं, त्यामुळं भांडायला कुणाला काही मिळत नव्हतं. काकींनी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाई तेव्हा फार थकल्या होत्या, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या, आणि मुलगा गेलेला. त्यांनी आपल्या लेकीच्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं, त्या मनगटांखालच्या माझ्या हिरव्या बांगड्यांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ती म्हणती तसं करा. तिची वाट हाय ती."

सगळ्या उठून गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. आक्कांचे पंजे अजून माझ्या मनगटांवर होते, आणि तेव्हा मला कळलं की ते थरथरतायत. नवव्या गलीवर न हललेले हात. म्हणाल्या, "वारं लई तोंडावर होतं गं." मी त्यांच्या खांद्याला टेकले. "म्हणून खाली ठेवला... काकीला पत्ता लागला न्हाई." मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "ह्ये मातर पार पडलं."

परवा हमीदाभाभीची सून टोपली घेऊन आली होती. मी सवयीनं एकेक बांगडी कानाशी धरून वाजवत बसले. बद्द होत्या त्या बाजूला ठेवल्या, लांब जाणाऱ्या निवडल्या. ती पोर म्हणाली, "आजी, आता कुणाला ऐकवायच्यात?" मी म्हटलं, "तू भर गं, सैल नको." संध्याकाळी आक्कांच्या खोलीत दिवा लावायला जाते, तेव्हा दाराशी माझा हात अजून आपोआप हलतो. बांगड्या वाजतात. पलंगावरून कुणी वारं विचारत नाही. खिडकी अर्धी लावलेली असते, पडद्याच्या कड्या मात्र वाजत असतात, म्हणून मी खिडकीशी जाऊन हात बाहेर काढून बघते. बहुतेक वेळा जोतिबाकडचंच असतं. दिवा तिपाईवर टिकत नाही मग. खाली ठेवते.